कोपरातला राखणदार

जोतिराम शेडगेचा हात पहिल्यांदा फाटला तेव्हा आवाज आला होता. ओलं, जाडंभरडं फडकं कुणी दोन्ही हातांनी टरकावावं तसा.

पाटणच्या वरच्या पठारावर, पवनचक्कीच्या डोक्यावरच्या पेटीत, जमिनीपासून पासष्ट मीटर उंच, तो आणि त्याचा मेहुणा धनाजी ब्रेकची मोटर साखळीनं खाली सोडत होते. साखळी घसरली, मोटर हेलकावली, आणि जोतिरामनं कोपर वाकवून ती अंगावर झेलली. मोटर वाचली. उजव्या दंडातला गोळा मात्र सरकन खांद्याकडे चढला आणि तिथंच लिंबाएवढा होऊन बसला.

गावातल्या हाडवैद्यानं तेल चोळून पट्टी बांधली. महिन्याभरात सूज उतरली, दुखणं गेलं, हात वर-खाली होऊ लागला. जोतिरामला वाटलं, बरा झाला. मग कामावर पहिल्याच दिवशी त्यानं नट आवळायला पान्हा लावला आणि तो फिरेना. पुन्हा जोर लावला. पान्हा तसाच, आणि हात लोण्यासारखा.

दंडाचा स्नायू कोपर वाकवतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं दुसरं काम कुणाच्या लक्षात येत नाही. तळहात जमिनीकडून आभाळाकडे वळवायची निम्मी ताकद त्याच स्नायूची असते. कुलपातली किल्ली, ओला टॉवेल, पान्हा, स्क्रू, सगळं त्या वळणावर चालतं. हा स्नायू कोपराखाली हाडाला एका पांढऱ्या, चिवट दोरीनं बांधलेला असतो. तिला कंडरा म्हणतात. जोतिरामची कंडरा हाडापासून उपटून निघाली होती.

पाच महिन्यांनी तो मोठ्या दवाखान्यात गेला तेव्हा डॉक्टर हळहळले. "पहिल्या तीन-चार आठवड्यांत आला असतात तर ओढून टाके घातले असते. आता स्नायू आखडलाय, टोक वर व्रणात रुतलंय. मधे चार बोटं जागा रिकामी आहे. बांधायचं कशाला काय?"

कंपनीनं त्याला पायथ्याच्या फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. सहा वर्षं त्यानं मान वर करून फिरणारी पाती बघितली. पाती आता ड्रोन धुवायचे, रंग यंत्रं द्यायची. पण वरच्या पेटीतलं जुनं लोखंड खोलायला अजून माणसाचाच हात लागायचा, आणि तो हात आता धनाजीचा होता.

धनाजी म्हणजे जोतिरामच्या बायकोचा, कांचनचा, एकुलता एक भाऊ. जोतिरामहून नऊ वर्षांनी लहान, बोलका, कायम घाईत. मोटर सुटली त्या दिवशी साखळी त्याच्या ताब्यात होती. हे दोघांनी कधी उच्चारलं नाही. पण पुण्यातल्या एका संशोधन केंद्रात जुन्या तुटलेल्या कंडरा नव्यानं उभ्या करतात, ही बातमी धनाजीनंच आणली.

"दाजी, सहा वर्षं काय, दहा वर्षांपूर्वीची तुटली असली तरी चालतंय म्हणे. मी नाव घातलंय तुमचं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणला असता."

केंद्रातल्या डॉ. रेवती कानिटकर चाळिशीच्या, बारीक, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी जोतिरामला सगळं नीट समजावलं. आधी दंडात काडेपेटीएवढं एक यंत्र बसवायचं. आखडलेल्या स्नायूला ते रोज अर्धा मिलिमीटर खाली ओढणार, तीन महिने. इतकं हळू, की स्नायूला आपण ओढले जातोय हे कळतच नाही. तो नव्या पेशी घालत लांबत जातो. तोवर प्रयोगशाळेत जोतिरामच्याच पेशींपासून नवी कंडरा वाढत असते. तीही नुसती पेल्यात ठेवून वाढत नाही.

"कंडरेच्या पेशींना ताण लागतो," डॉक्टर म्हणाल्या. "ताण नसला तर त्या नुसता चिकट गोळा करून ठेवतात. म्हणून आम्ही तिला रात्रंदिवस ओढतो, सोडतो, ओढतो, सोडतो. लाखो वेळा. मग धागे सरळ एका दिशेनं विणले जातात. तुमची कंडरा अंगात यायच्या आधीच राबलेली असेल."

"आणि परत तुटली तर?"

"नाही तुटणार." त्यांनी पडद्यावर केसाएवढा एक काचेचा तंतू दाखवला. "हा कंडरेच्या आत विणलेला असतो. प्रत्येक ताण मोजतो, साठवतो. दंडाच्या नसेवर एक छोटी कडी बसवतो. ताण धोक्याच्या वर गेला की ती कडी क्षणभर नस गप्प करते, स्नायू सैल पडतो. कंडरा वाचते."

त्या कडीला लांबलचक नाव होतं. वॉर्डातले सगळे तिला राखणदार म्हणायचे.

कांचनला हे काही रुचलं नव्हतं. ती अंगणवाडीत शिकवायची, नेमकं बोलायची. "हात करून घ्या. किल्ली फिरू दे, धुण्याचा पिळा पिळता येऊ दे. पण वर जायचं नाही."

"मग हात कशाला करायचा?"

"माझ्यासाठी करा की."

जोतिरामनं दारातून पठाराकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तिला चांगला ठाऊक होता.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. चौथ्या महिन्यात त्यानं आपल्या हातानं बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं, परत उघडलं. आठव्या महिन्यात पान्हा फिरला. राखणदार कसा वाटतो हे डॉक्टरांनी त्याला एकदा मुद्दाम करून दाखवलं. कडी चालू केली तशा कोपरापासून अंगठ्याच्या बाजूनं मनगटापर्यंत सणसणून मुंग्या आल्या आणि दंड मेल्यासारखा पडला. अर्ध्या क्षणात परत जिवंत. "ही खूण लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "मुंग्या आल्या म्हणजे त्यानं सोडवलं."

मग हिसक्याची चाचणी. बाकावर झोपून वाकलेल्या हातानं दांडा धरायचा आणि यंत्र अचानक तो खाली खेचायचं. जोतिरामनं बारा वेळा धरला. तीनदा दांडा हातून गेला. पडद्यावरच्या रेघांकडे डॉक्टर थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "सरावानं येईल." चौदाव्या महिन्यात त्यांनी राखणदाराची मर्यादा धडधाकट माणसाच्या हाताइतकी वाढवली आणि कामावर जायला हरकत नसल्याचा दाखला दिला.

कंपनीचे साहेब तयार नव्हते. धनाजी त्यांच्याकडे चार वेळा जाऊन बसला. शेवटी म्हणाला, "माझ्या जोडीला द्या. जबाबदारी माझी." त्यावरून कांचनचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालं. तिनं भावाशी पंधरा दिवस अबोला धरला. पंधरा दिवसांनी तोच पेढे घेऊन आला. "ताई, माणूस फाटकावर बसून बसून म्हातारा झालाय तुझा. वर गेल्यावर बघ कसा उजळतोय."

आणि जोतिराम खरंच उजळला. सात महिने तो वर जात होता. शिडी चढताना गाणी म्हणायचा. हे कांचनच्या नजरेतून सुटलं नाही, आणि तिनं विरोध सोडला.

फेब्रुवारीतल्या एका स्वच्छ सकाळी ते दोघं पेटीच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र बदलायला गेले. तिसरा गडी पायथ्याशी होता. जोतिराम छपराच्या झडपेत पोटावर पडून हत्यारं देत होता. धनाजी कडेला होता. त्याच्या पट्ट्याला दोन हूक होते. एक काढायचा तो दुसरा अडकलेला असतानाच, हा नियम, आणि तो त्यानं पाळला. त्यानं एक हूक काढला आणि छपरावरच्या पुढच्या लोखंडी कडीत अडकवायला वळला. तेवढ्यात दुसरा हूक ज्या कडीत होता ती कडीच छपरातून उपटून आली. वीस वर्षं ऊन-पाऊस खाल्लेलं छप्पर होतं ते.

धनाजी घसरला. जोतिरामनं झडपेतून अर्धं अंग बाहेर टाकलं आणि उजव्या हातानं त्याचं मनगट पकडलं. कोपर वाकलेलं, छाती छपरावर आपटलेली, डावा हात आत लोखंडाला. पकड बसली होती. पक्की बसली होती.

मग सुटली.

"राखणदारानं सोडलं," जोतिराम पायथ्याशी म्हणाला. पोलिसांना तेच सांगितलं, कांचनलाही तेच. "मुंग्या आल्या आणि हात मेला." धनाजी काही बोलला का, असं पोलिसांनी विचारलं. तो म्हणाला, बोलायला वेळच नव्हता.

कांचन तेराव्यापर्यंत रडली आणि मग उठली. तिनं पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांना गाठलं. माणूस मेला तरी चालेल पण दोरी वाचली पाहिजे, असं यंत्र तुम्ही माणसाच्या अंगात घालता, हा तिचा एकच मुद्दा होता आणि तो ऐकणाऱ्याच्या काळजात जायचा. तीन महिन्यांत सरकारनं सगळ्या शस्त्रक्रिया थांबवल्या. यादीतले दोनशे जण, आखडलेले दंड घेऊन, घरी परतले. डॉ. कानिटकरांच्या दारावर कुणीतरी काळं फासलं. चौकशी समिती बसली.

समितीनं डॉक्टरांना विचारलं, तंतूतली नोंद आहे ना? आहे, त्या म्हणाल्या. पण ती रुग्णाची. त्याच्या सहीशिवाय वाचता येत नाही.

कागद घरी आला. कांचननं तो जोतिरामसमोर ठेवला, वर पेन. "करा सही. एकदाचं सगळ्यांना दिसू दे."

"करतो."

आठ दिवस कागद तसाच पडून राहिला.

"अहो, कशाची वाट बघताय?"

"करतो म्हणलं ना."

कशाची वाट बघतोय हे त्यालाही सांगता आलं नसतं. मुंग्या आल्या, असं त्यानं इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या आता त्याला आठवायच्या. पण त्या आठवणीचा आवाज त्याचा स्वतःचा होता, पोलिसांपुढे बोलतानाचा. त्याआधीचं काही सापडत नव्हतं. एका दुपारी कांचन अंगणवाडीत असताना तो गोठ्यात गेला. आढ्यावरून दोर टाकून त्यानं गव्हाणीच्या कठड्यावर ठेवलेलं ज्वारीचं पोतं बांधलं, दोराचं टोक वाकलेल्या हातात गुंडाळलं आणि पोतं पायानं ढकलून दिलं. पोतं धाडकन जमिनीवर आलं. मुंग्या आल्या नाहीत. हात मेला नाही. दोर नुसता हातून निघून गेला होता, सोडायचं असं मनात येण्याच्याही आधी. त्यानं परत केलं. तसंच झालं. पाचव्यांदा पोतं फुटलं आणि ज्वारी शेणात पसरली.

कांचन आली तेव्हा तो ज्वारी वेचत बसला होता.

"हे काय?"

"पोतं फाटलं," तो म्हणाला. मग हात धुऊन आत गेला आणि सही केली.

नोंद समितीपुढे वाचली गेली. खोलीत पंखे फिरत होते. कांचन पहिल्या रांगेत, मांडीवर भावाचा फोटो. एका तरुण अभियंत्यानं पडद्यावर रेघ दाखवली. इथं झेल. इथं ताण वर चढला, मर्यादेच्या चौसष्ट टक्क्यांपर्यंत, आणि तिथं स्थिर राहिला. पावणेचार सेकंद. मग रेघ सरळ खाली.

"राखणदार कधी चालला?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही चालला."

"म्हणजे?"

"नोंद शून्य आहे. नसेवर कडीचा आदेश नाही. स्नायू वरून आलेल्या आदेशानं सैल झालाय." अभियंता अडखळला. "म्हणजे मेंदूकडून. त्यांच्या स्वतःच्या."

मग डॉ. कानिटकर उठल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. "याला कुणी भित्रेपणा म्हणू नये. एकदा फाटलेला स्नायू आपण जोडू शकतो, पण तो फाटला होता हे मेंदू विसरत नाही. तसाच हिसका आला की तो फाटायच्या आधीच सोडून देतो. माणसाला विचारत नाही." त्यांनी पडद्यावरच्या रेघेकडे बोट केलं. "हिसक्याच्या चाचणीत ही खाली येणारी रेघ आम्हाला दिसली होती. तीनदा. सराव कमी पडतोय असं मी समजले. दाखल्यावर सही माझी आहे."

अध्यक्षांनी लिहून घेतलं. यंत्र निर्दोष. जोतिराम शेडगे निर्दोष. छपराच्या कडीबद्दल कंपनीला ताकीद. शस्त्रक्रिया पुन्हा सुरू कराव्यात.

कांचननं मागे वळून बघितलं नाही. फोटो पिशवीत घातला आणि ती बाहेर पडली.

जिन्याशी डॉक्टरांनी जोतिरामला थांबवलं. "शेडगे, एक बोलायचं होतं. आज नको खरं तर. पण तुमच्या नोंदीमुळे आम्हाला वाट सापडलीय. मेंदूचा तो घाईचा आदेश वाटेतच अडवता येईल. पुढच्या आवृत्तीत. पहिल्यांदा तुमच्यावर करावं, असं मला वाटतं. तुमचं तेवढं देणं लागते मी."

"म्हणजे मी सोडतो म्हणलं तरी हात सोडणार नाही?"

"नाही."

"फाटेपर्यंत?"

"फाटेपर्यंत."

"आता कुणाला धरू, डॉक्टर?" असं म्हणून तो जिना उतरला.

परतीच्या गाडीत कांचन खिडकीशी बसली होती. उंब्रज गेलं, कऱ्हाड गेलं. मल्हारपेठेपाशी ती पहिल्यांदा बोलली. "आठ महिने मी सगळ्यांना सांगत फिरले."

"मला खरंच वाटत होतं, कांचन."

"कधीपर्यंत?"

तो खोटं बोलू शकला असता. "पोतं फुटलं तोपर्यंत."

तिनं मान हलवली. "ज्वारी वेचत होता तुम्ही. आणि मी तुमच्यासाठी चहा टाकला." मग म्हणाली, "आईला मीच सांगितलं होतं, यंत्रानं मारलं म्हणून. आता तुम्ही सांगायचं."

सासूबाई माळेवाडीत एकट्या राहायच्या. सून धनाजीच्या मागं माहेरी निघून गेली होती. जोतिराम आणि कांचन पोचले तेव्हा म्हातारी सोप्यात शेंगा फोडत बसली होती. जावई आला म्हणून तिनं डोक्यावर पदर घेतला, सुपडं बाजूला सारलं. जोतिरामनं उभ्याउभ्याच सांगितलं. राखणदार नव्हता, मामी. मीच सोडलं. मला कळलं नाही, पण मीच.

म्हातारीनं ते ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "किती वेळ धरलं हुतं?"

"पावणेचार सेकंद."

"म्हंजे केवढा वेळ?"

मग त्यानं तिच्यासमोर बसून आपला उजवा हात वाकवला, मूठ वळली आणि मोजायला लागला. एक. कुठं तरी कोंबडा पंख फडफडवत होता. दोन. म्हातारी त्याच्या मुठीकडे टक लावून बघत होती. तीन. मूठ आपोआप उघडली.

"लई वेळ हाय की," म्हातारी म्हणाली. "तेवढ्या वेळात माणूस काय तरी बोलंल. माझा धनू गप बसायचा न्हाई."

कांचननं मान वर केली.

"बोलला," जोतिराम म्हणाला.

"काय?"

"म्हणाला, दाजी, धरलंय न्हवं?"

"मग?"

"मी म्हणलं, धरलंय."

म्हातारीनं हात लांब करून सुपडं परत पुढ्यात ओढलं. एक शेंग फोडली, दाणे बाजूला टाकले, दुसरी घेतली. ती बोटांत तशीच राहिली. "कांचन," ती म्हणाली, "उन्हातनं आल्यात. पाणी दे त्येस्नी."

कांचन उठली नाही.